मदत हवी आहे: तारकर्ली-देवबागला दोन पुरुषांना डबल बेडची खोली

मी आणि माझा पार्टनर, दोघंही पस्तिशीतले, नागपूरहून मडगावच्या गाडीनं कुडाळला उतरून चार रात्री तारकर्लीला राहणार आहोत. डिसेंबरचा पहिला आठवडा, नाताळची गर्दी टाळून.

आतापर्यंत तीन होमस्टेंना फोन केले. एक म्हणाले, "फक्त फॅमिली." दुसरे म्हणाले, "बॅचलर घेत नाही, दारू पिऊन धिंगाणा होतो." (आम्ही दोघं सोलकढीवाले, पण हे सांगायचं कसं?) तिसऱ्या काकू गोड बोलल्या, लगेच म्हणाल्या, "दोन गाद्या वेगळ्या घालून देते हो." मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला.

समलिंगी संबंध गुन्हा नाही, या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर कायद्याची भीती नाही, ते माहीत आहे. आधार कार्डं दोघांची आहेत, पत्ते वेगळे. त्याच्या घरी माहीत नाही, म्हणून फोटो-रिव्ह्यू नकोत. गोवा सुचवू नका भाऊ, दोनदा झालंय. यंदा मालवणी जेवण आणि शांत किनाराच हवा. बजेट रात्रीला अडीच हजार.

तिकडे जोडीनं राहून आलेल्यांनी सांगा: बुकिंगच्या फोनवरच "आम्ही कपल आहोत" असं स्पष्ट सांगितलंत, की नुसती डबल बेडची खोली मागितलीत? आणि कुठे निवांत राहता आलं?