वयाची अट असलेल्या वसाहतीतले घर: विकताना किंमत कमी येते का?

प्रश्न:
माझे सासू-सासरे अमेरिकेत ५५ वर्षांवरील रहिवाशांसाठी राखीव असलेल्या वसाहतीत घर घेण्याच्या विचारात आहेत. घर दोघांनाही मनापासून आवडले आहे. परंतु पुढे ते विकायची वेळ आली, तर तरुण कुटुंबे गिऱ्हाईक म्हणून येऊच शकणार नाहीत, ही काळजी मला सतावते. अशा अटीमुळे किंमत खरोखरच घटते का? आणि त्यांच्या पश्चात आम्ही, म्हणजे चाळिशीतले पती-पत्नी, तिथे राहू शकू का?

पहिला प्रतिसाद:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. घर देताना भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या अमेरिकी कायद्यात १९८८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारणे बेकायदा ठरले, मात्र ज्येष्ठांच्या वसाहतींना सूट मिळाली. ही सूट मिळण्यासाठी, १९९५ च्या कायद्यानुसार, वापरात असलेल्या किमान ८० टक्के घरांत ५५ वर्षांचा वा त्याहून मोठा निदान एक रहिवासी असावा लागतो. उरलेल्या २० टक्क्यांवर तरुणांचा आपोआप हक्क नसतो; वसाहत ती घरेही त्यांच्यासाठी बंद ठेवू शकते. कायदा पाहतो ते राहणाऱ्याचे वय, मालकाचे नव्हे. त्यामुळे वारसा मिळेल, राहण्याची परवानगी मिळेलच असे नाही.

दुसरा प्रतिसाद:
गिऱ्हाईक कमी होतात हे खरे, पण जे येतात ते नेमके असेच घर शोधत असतात. म्हणून त्या परिसरात अशा वसाहती किती आहेत आणि निवृत्त लोक तिथे येत आहेत का, यावर बरेच अवलंबून असते. चांगल्या शाळांमुळे जिथे घरे महागतात, तिथे या गिऱ्हाइकाला शाळेसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नसते. माझ्या मते वयाच्या अटीपेक्षा मासिक देखभाल शुल्क अधिक जाचक ठरू शकते: ते वाढत गेले, आणि एकाच काळात आलेल्या रहिवाशांची घरे एकदम विक्रीला निघाली, तर भाव नक्की दबतो. वारस बाहेरगावी असतील, तर रिकाम्या घराचे शुल्क भरण्यापेक्षा मिळेल त्या भावात ते विकून मोकळे होतात, हेही लक्षात घ्या.

तिसरा प्रतिसाद:
अट कायम राहील हेही गृहीत धरू नका. ॲरिझोनातील यंगटाउन १९५४ पासून ज्येष्ठांसाठी वसवले गेले, परंतु एका कुटुंबात नातू राहू लागल्यावर उद्भवलेल्या वादानंतर १९९८ मध्ये तिथली अट संपली. केवळ वयाच्या अटीसाठी घर घेतलेल्यांच्या दृष्टीने हा मोठाच बदल होता. रहिवाशांच्या वयाची पडताळणी निदान दर दोन वर्षांनी अद्ययावत करावी लागते. त्या नोंदी, राखीव निधीचा हिशेब आणि घर भाड्याने देण्याचे नियम सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्या.