खोकला आणि घसादुखीवर तुमच्या घरी कुठलं फळाचं पेय करतात? अनुभव लिहा

हवा बदलली की आमच्याकडे एकेक करून सगळे खोकायला लागतात. औषध डॉक्टर देतात ते घ्यायचंच, पण रात्री ढास लागली की घशाला काहीतरी कोमट आणि ओलं लागतं, त्यासाठी हा धागा. प्रमाणासकट लिहा म्हणजे कुणालाही करता येईल.

सुरुवात मी करते. आमच्याकडे काळ्या मनुकांचं पाणी. मूठभर मनुका (बियावाल्या घ्या, माझं माहेर तासगावकडचं त्यामुळे मनुकांच्या बाबतीत मी हट्टी आहे) गरम पाण्यात तासभर भिजवायच्या, मग हातानेच कुस्करून बिया काढायच्या, त्याच पाण्यात आल्याचा तुकडा ठेचून आणि दोन-तीन मिरी घालून दोन कपाचं दीड कप होईपर्यंत उकळायचं आणि गाळायचं. गाळणीत राहिलेला गर चमच्याने दाबून घ्या, सगळा दाटपणा त्यातच असतो आणि घशाला तोच बरा वाटतो. गटागट प्यायचं नाही, घोट घोट.

रत्नागिरीकर
आमच्याकडे कोकमाचं सार. नारळाचं दूध अजिबात नाही, नुसतं कोकम, जिरं, गूळ, हिंग आणि वरून तुपाची फोडणी, गरम गरम वाटीने प्यायचं. आंबटाने खोकला वाढतो असं बरेच जण म्हणतात आणि कोरड्या खोकल्यात काहींना खवखवतंही, पण नाक चोंदलेलं असताना, तोंडाला चव नसताना याच्यासारखं दुसरं काही नाही. ज्याला सोसेल त्याने घ्यावं.

मुक्काम म्युनिक
इथे जर्मनीत सर्दी-खोकला झाला की शेजारच्या आजी होलुंडरचा गरम रस देतात. होलुंडर म्हणजे बारीक काळी फळं, ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याकडेच्या झुडपांवर घोसच्या घोस लागलेले असतात. त्यांच्याबरोबर मी पण तोडायला जाते आता. घोस आधी फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे फळं देठापासून पटापट सुटतात, नाहीतर जेवायचा काटा घेऊन ओरबाडायची, बोटं जांभळी होतात आणि दोन दिवस जात नाहीत. हिरवी फळं आणि देठ वेचून टाकायचेच. थोडं पाणी घालून वीसेक मिनिटं चांगलं उकळायचं, फडक्यातून गाळायचं, साखर घालून परत एक उकळी आणि गरम असतानाच बाटल्यांत भरायचं. प्यायच्या वेळी लवंग, दालचिनी, लिंबू. एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, ही फळं कच्ची खायची नाहीत, उलट्या-जुलाब होतात, शिजवल्यावरच चालतात. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मला जांभळाची आठवण झाली, तसाच थोडा तुरटपणा.

सोलहून
कोरियात नाशपाती! इथली नाशपाती मोठी, गोल आणि रसाळ असते. वरची चकती कापून बाजूला ठेवायची, आतला बियांचा भाग चमच्याने कोरायचा, त्या खड्ड्यात आलं आणि मध घालून चकती परत झाकण म्हणून ठेवायची आणि अख्खं फळ वाटीत ठेवून पाऊण तास वाफवायचं. वाटीत जो रस साठतो तो प्यायचा आणि मऊ झालेलं फळ खायचं. आपल्याकडच्या नाशपातीचं पण होतं, इडलीपात्रात सुद्धा, रस जरा कमी सुटतो इतकंच.

शाळेतली बाई
दिवसभर बोलून घसा बसतो त्यांच्यासाठी : डाळिंबाची वाळलेली साल पाण्यात उकळून गुळण्या. हे प्यायचं नाही, फार तुरट असतं. प्यायला मी थर्मासमध्ये मनुकांचंच पाणी नेते, तासांच्या मधे दोन घोट.

लहान मुलांची नर्स
वर मधाचा विषय आलाय म्हणून सांगते, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, बोटावर चाटवायला पण नाही. मधात क्वचित असे जंतू असतात की ज्यांचं विष बाळाच्या आतड्यात तयार होतं आणि बाळ लुळं पडू शकतं. वर्षावरच्या मुलांना रात्री झोपताना चमचाभर मध चालतो, खोकल्याला आरामही पडतो. आणि मोठ्यांनी पण ऐका, दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर काढे करत बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते ती करून घ्या. धाप लागत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल तर त्याच दिवशी जा.

रत्नागिरीकर
नर्सबाईंना एक विचारायचं होतं, वडिलांना शुगर आहे, मनुकांचं पाणी द्यावं का?

लहान मुलांची नर्स
मनुकेत साखर भरपूर असते, मध-गूळ पण साखरच धरा. त्यांना आलं-तुळशीचं नुसतं कोमट पाणी द्या, नाहीतर तुमचं ते सारच गूळ न घालता.