पोळी सोडून भाकरी धरली, तरी वजन हलेना

सदाफुली: यजमानांचं वय 46, उंची 168 सेंमी, वजन 82 किलो, कंबर 99 सेंमी. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) 6.1, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 210, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर (यकृतात चरबी). मधुमेहाची गोळी अजून नाही. दोन महिने पोळी बंद. दोन्ही वेळा ज्वारीच्या दोन-दोन भाकऱ्या, चहात साखरेऐवजी गूळ, सोमवार-गुरुवार उपास. वजन 400 ग्रॅमच उतरलं. कुठे चुकतंय?

जातं: भाकरी करायच्या आधी पीठ वजनकाट्यावर ठेवून बघा. पातळ पोळीला 25-30 ग्रॅम कणीक लागते. थापलेल्या भाकरीला 70-80 ग्रॅम पीठ सहज जातं. ज्वारी काय, गहू काय, 100 ग्रॅम पिठात 330-340 कॅलरी धराच. म्हणजे एका जेवणात दोन भाकऱ्या म्हटलं की पाच पोळ्यांचं पीठ पोटात गेलं. ज्वारी उत्तम धान्य आहे, ती सोडू नका. फक्त जेवणाला 50 ग्रॅम पिठाची एकच भाकरी करा आणि त्या दिवशी भात नको.

गुळाने साखर वाचत नाही, रक्तात दोन्ही सारख्याच.

आणि उपास म्हणजे साबुदाणा असेल तर तो आधी थांबवा. 75 ग्रॅम साबुदाणा, 30 ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप एवढ्यात 500 च्या वर कॅलरी होतात, बटाटा वेगळाच. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. प्रथिनं नावालाच, म्हणून तासा-दोन तासांत पुन्हा भूक. उपास मोडायचा नसेल तर ताक, दही, काकडी, एखादं फळ.

फोडणी: तेलाचा हिशेब रोजचा नको, महिन्याचा करा. चौघांच्या घरात महिन्याला 3 लिटर म्हणजे माणशी रोज 25 मिली. त्याच्या वर तेल जात असेल तर गळती तिथेच आहे. बरणीतून ओतू नका, 5 मिलीच्या चमच्याने घाला. भाजीतलं कूटही मोजा, दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे 100 कॅलरी.

सदाफुली: एक भाकरी केली तर रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडतो. त्याचं काय?

जातं: भाकरी कमी केली आणि ताटात दुसरं काही वाढलं नाही, की हे होणारच. रात्री प्रथिनं वाढवा. दिवसाला 60-65 ग्रॅमचं लक्ष्य ठेवा: दोन अंड्यांत 12, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18, 30 ग्रॅम कोरड्या मुगात किंवा मटकीत 7, 30 ग्रॅम सोया वड्यांत 15. आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी मागून. जेवल्यावर 15 मिनिटं चाला.

टेप: वजनाचं 7 टक्के, म्हणजे इथे 6 किलो, हे पहिलं लक्ष्य. 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत एवढं वजन घटवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल ठेवायची, या कार्यक्रमाने मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. आठवड्याला अर्धा किलो पुरे. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंमीच्या आत हवी. एचबीएवनसी तीन महिन्यांआधी परत करू नका. हिमोग्लोबिनही तपासा, लोह कमी असलं की एचबीएवनसीचा आकडा फसवा वाढतो. पुढे ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) सुरू झालं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नकोत, साखर एकदम खाली जाऊ शकते.