फिलिपिन्सचा कॅमेरा की व्हिएतनामचा भराव?

सागरवेडा: दक्षिण चीन समुद्रात चिनी जहाजांनी पाण्याचे फवारे मारले की फिलिपिन्सचं तटरक्षक दल लगेच व्हिडिओ जगापुढे ठेवतं. याला म्हणतात हिंमत. शेजारचा व्हिएतनाम तोंडातून ब्र काढत नाही. घाबरट!

ध्रुव: 'घाबरट' वाचून डोकं फिरलं. 1988 मध्ये स्प्रॅटली बेटांमधल्या जॉन्सन साउथ रीफ या खडकावर व्हिएतनामची 64 माणसं चीनच्या हल्ल्यात मेली. 2014 मध्ये व्हिएतनाम आपलं म्हणतो त्या पाण्यात चीनने तेलाचा रिग आणून उभा केला, तर यांच्या बोटी दोन महिन्यांहून अधिक काळ चिनी ताफ्याला नडल्या. रशियाकडून 'किलो' वर्गाच्या 6 पाणबुड्या घेतल्या. 2021 पासून स्प्रॅटलीत भराव घालून बेटं वाढवताहेत. फिलिपिन्सकडे काय? सेकंड थॉमस शोल या उथळ खडकावर 1999 मध्ये मुद्दाम रुतवलेलं गंजकं जहाज!

सागरवेडा: त्या जहाजाला नावं ठेवू नका, त्यावर माणसं राहतात. 17 जून 2024 ला त्यांची रसद नेणाऱ्या रबरी बोटींना चिन्यांनी कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन घेरलं. एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. जगाला हे दिसलं ते व्हिडिओमुळेच. आणि चीनचा या समुद्रावरचा दावा फेटाळणारा 2016 चा आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल कोणी लढून आणला?

ध्रुव: आणला ना. पण फिलिपिन्स आपला म्हणतो त्या स्कारबरो शोलवर 2012 पासून कोण बसलंय ते सांगा. चीनच ना?

रात्रपाळी: तुमच्या भांडणात मच्छीमार कुठेच नाही. मी याच पाण्यातून मालवाहू जहाजं नेतो. रात्रीच्या वॉचला समोर लाकडी बोटी, दिवे नाहीत, एआयएस (जहाज कुठे आहे ते इतरांना कळवणारं यंत्र) बंद. एकदा अगदी जवळ आल्यावर एक पोरगा टॉर्च हलवताना दिसला, तेव्हा कुठे सुकाणू फिरवता आलं. इंडोनेशियाने काय केलं? सुसी पुद्जियास्तुती मत्स्यमंत्री असताना शेकडो परदेशी बोटी बुडवल्या. सगळ्यात जास्त व्हिएतनामी. चिनी जवळजवळ नाहीतच. गरिबावर हात उचलणं सोपं असतं.

मासळी: गरीब कसले? दोन ट्रॉलर जोडीने जाळं ओढतात, तळ खरवडून नेतात. इंडोनेशियाच्या नातुना बेटांवरचा मच्छीमार छोटी होडी घेऊन त्यांच्यापुढे काय करणार? तोही गरीबच आहे. चोरी ती चोरी.

रात्रपाळी: चोरी मालकाची. तो किनाऱ्यावर सुखरूप, तुरुंगात जातो खलाशी. त्या पोराला हद्दीची रेघ कोण दाखवणार होतं?

मासळी: खलाशांना सोडून मालकांना धरा, इथपर्यंत ठीक. पण बोट परत दिली की ती पुन्हा येणार. बुडवलीच पाहिजे.

ध्रुव: रेघच नव्हती हो तेव्हा! विशेष आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे ज्या पाण्यातल्या मासळीवर त्या-त्या देशाचा हक्क असतो त्याच्या, हद्दीवर इंडोनेशिया आणि व्हिएतनामचं एकमत व्हायला 12 वर्षं लागली, डिसेंबर 2022 उजाडला. शेजाऱ्यांनी आधी आपसातलं मिटवावं, हेच तर म्हणतोय. व्हिडिओने जग बघतं, एवढं मान्य करतो. बघून कोणी शोल परत मिळवून देत नाही.

सागरवेडा: आणि त्या दोघांनी ठरवलेल्या हद्दीजवळून चीनने समुद्रावर हक्क सांगायला नकाशावर ओढलेली नऊ तुकड्यांची रेघ जाते, तिचं काय? चिनी तटरक्षक जहाज नातुनाच्या पाण्यात शिरेल तेव्हा तुमचा व्हिएतनाम बोलणार आहे का?