रेसिंग फ्लॅट सरावात घालावेत की फक्त शर्यतीला?

प्रश्न: धावण्याचे रोजचे बूट २८० ग्रॅमचे, ड्रॉप (टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या जाडीतला फरक) १० मिमी. आता १७० ग्रॅमचे, ४ मिमी ड्रॉपचे फ्लॅट (शर्यतीचे हलके, पातळ गादीचे बूट) घेतलेत. ४०० मीटरच्या इंटरव्हलला (वेगाने धाव, मध्ये विश्रांती, पुन्हा धाव) वापरू की थेट १० किमीच्या शर्यतीत? हाफ मॅरेथॉनला चालतील का?

उत्तर: थेट शर्यतीत अजिबात नको. टाच ६ मिमी खाली गेली की पोटरी आणि अकिलीस (टाचेमागची कंडरा) दर पावलाला जास्त ताणले जातात. पहिले दोन आठवडे सोप्या रनच्या शेवटी १०० मीटरच्या ४ ते ६ स्ट्राइड्स (वेग वाढवत मारलेल्या छोट्या धावा), एवढंच. मग इंटरव्हलमधले ४०० मीटरचे निम्मे रिपीट फ्लॅटमध्ये, उरलेले नेहमीच्या बुटात. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागे आखडल्यासारखं झालं, तर फ्लॅट आठवडाभर बाजूला ठेवा. हे दुखणं अंगावर काढलं की महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही.

उत्तर: फायदा खरा आहे. दर बुटामागे १०० ग्रॅम कमी झाले की ऊर्जेचा खर्च साधारण १ टक्क्याने उतरतो. पण गादी पातळ, त्यामुळे अंतर वाढेल तसे पाय लवकर भरून येतात आणि कमावलेलं तिथेच जातं. ५ आणि १० किमीला उत्तम. हाफला, आधी १२-१५ किमीचा टेम्पो (सलग, जरा कठीण वेगाची धाव) त्यातच विनातक्रार झाला असेल तरच.

उत्तर: शर्यतीचेच मोजे घालून आधी एक टेम्पो करा. फ्लॅट चवड्याला अरुंद असतात, जाड मोज्यात करंगळीला फोड येतो.