मदत हवी आहे: आईच्या न्यूमोकोकस रिपोर्टबद्दल

नमस्कार मंडळी. आई आठ दिवस आयसीयूत आहे. आधी ताप, मग कान दुखणं, आणि तिसऱ्या दिवशी ती मला ओळखेना. पाठीतलं पाणी तपासलं तर न्यूमोकोकस या जंतूचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) निघाला. आता डोळे उघडते, माझा हात घट्ट धरते.

कल्चर रिपोर्टवर (जंतू वाढवून केलेली तपासणी) पेनिसिलिनचं एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण, १ आहे. त्याच आकड्यापुढे एका ओळीत 'मेनिंजायटिस: रेझिस्टंट' (औषधाला दाद न देणारा), खालच्या ओळीत 'नॉन-मेनिंजायटिस: ससेप्टिबल' (दाद देणारा). आधी वाटलं छपाईची चूक. डॉक्टरांनी समजावलं, औषध मेंदूभोवतीच्या पाण्यात कमी पोचतं, म्हणून तिथली मर्यादा फार खाली, ०.०६ इतकी. सेफ्ट्रियाक्सोन या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही १ आलंय, म्हणजे अधलंमधलं, त्यामुळे व्हँकोमायसिन हे तिसरं सोबत चालूच आहे.

माझी अडचण वेगळी आहे. हा जंतू कुठल्या सीरोटाइपचा (उपप्रकाराचा), ते इथली लॅब सांगत नाही. प्रकार शंभराच्या वर आहेत, आणि न्यूमोकोकसच्या लशीत त्यातले मोजकेच. लॅबवाले म्हणतात, वाढवलेला जंतू आठवडाभर ठेवू, मग टाकून देऊ. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात सीरोटायपिंग (ही उपप्रकाराची तपासणी) होतं, पण नमुना बाहेरच्या लॅबकडून घेतात का? पाठवायचा कसा? कुणी मायक्रोबायोलॉजीतलं असेल तर कृपया सांगा.

आणखी एक. पंधरा वर्षांपूर्वी अपघातात आईची प्लीहा काढली, प्लीहा नसली की अशा जंतूंचा धोका वाढतो, पण तेव्हा लस घ्यायला कुणीच सांगितलं नाही. आता बरी झाल्यावर कुठली, किती दिवसांनी द्यायची? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कुणाच्या घरी असं झालं असेल तर अनुभव लिहा. धाकट्या बहिणीलाही रोज हेच प्रश्न पडतात.