इसाबेल नुसती प्यादं नव्हती

‘स्पेनच्या राण्या म्हणजे तहातली प्यादी, पुढे काम फक्त वारस देण्याचं’ असं सरसकट म्हटलं जातं. लग्न जुळवण्यापुरतं ते मान्य. स्पेनचा राजा पाचव्या चार्ल्सने १५२६ मध्ये सेव्हिलला पोर्तुगालच्या इसाबेलशी लग्न केलं ते ९ लाख दोब्लांचा (सोन्याच्या नाण्यांचा) हुंडा बघूनच. दोघं सख्खी मावसभावंडं, म्हणून पोपची परवानगीही काढावी लागली. पण पुढचं सोडून कसं चालेल? नवरा मोहिमांवर असताना १५२९ ते १५३३ आणि पुन्हा १५३५ पासून स्पेनचा कारभार तिने पाहिला. १५३९ मध्ये बाळंतपणात गेली, अवघ्या ३५ व्या वर्षी. चार्ल्सने पुन्हा लग्न केलं नाही. ९ वर्षांनी त्याने इटालियन चित्रकार तिशियनकडून तिचं चित्र करून घेतलं: हातात पुस्तक, बाजूला खिडकी, पलीकडे डोंगर. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

आणि यात आपल्याकडचाही एक धागा आहे! १५८० मध्ये तिच्या मुलाने, दुसऱ्या फिलिपने, पोर्तुगालच्या गादीवर हक्क सांगितला तो आईच्या नात्यानेच. त्यामुळे गोवाही साठेक वर्षं स्पेनच्या राजाच्या छत्राखाली होता.